दीड लाख किलोमीटर, एक रुपयाचं काम नाही! हे वाक्य नक्की कसं ऐकायचं?

गाडी घ्यायची म्हटली की माणूस आधी ओळखीपाळखीत विचारतो, आणि उत्तरं साधारण दोनच प्रकारची येतात. एकतर "दीड लाख झाली, अजून एक रुपयाचं काम निघालं नाही", नाहीतर "ती गाडी? चुकूनसुद्धा घेऊ नको, आमच्या साडूने घेतली आणि आता दर महिन्याला गॅरेजच्या वाऱ्या करतोय". गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही एकाच मॉडेलबद्दल बोलत असतात आणि दोघंही खरंच बोलत असतात. गाडी किती टिकणार हे कंपनीने ती कशी बनवली यावर ठरतंच, पण ती कुठे चालली, कशी चालली, किती वर्षांची झाली आणि सांगणारा माणूस कशाला "काम" म्हणतो यावरही तेवढंच ठरतं. आणि अनुभव सांगताना लोक नेमकं हेच गाळतात. मुद्दाम लपवतात असं नाही, कोणी विचारतच नाही.

आधी "एक रुपयाचं काम नाही" हेच घ्या. जरा खोदून विचारलं की कळतं, बॅटरी दोनदा बदलली, टायरचा एक सेट झाला, क्लच प्लेट टाकली, मागच्या पावसाळ्यानंतर सस्पेन्शनचं काम झालं. "अरे पण ते तर चालायचंच की!" म्हणजे त्यांच्या हिशोबात इंजिन खोललं तरच काम. दुसऱ्या माणसाचा ब्लूटूथ दोनदा तुटला तरी त्याच्या दृष्टीने गाडी भंगार. हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाची कंपनी दरवर्षी तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते काढते, त्यात सगळ्यात जास्त तक्रारी टचस्क्रीन, फोन जोडणं असल्या गोष्टींच्या असतात, आणि मोजताना स्क्रीन अडकणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीसुद्धा एकच तक्रार. शिवाय तीन वर्षांत कोणती गाडी मोडते हो? दहाव्या वर्षी काय होईल हे त्यातून फारसं कळत नाही.

जर्मनीत बरं आहे. तिथे खासगी गाडीलासुद्धा पहिल्या तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, ट्यूफ नावाची तपासणी करणारी संस्था त्यावरून दरवर्षी अहवाल काढते, त्यात बारा-तेरा वर्षांच्या गाड्यांपर्यंत मॉडेलवार दिलेलं असतं की कितींमध्ये मोठे दोष सापडले. तिथे मालकाला विचारायची गरजच नाही, गाडी लिफ्टवर चढवून बघितलेलं असतं. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, तोपर्यंत पीयूसी सोडली तर कोणी खाली वाकून बघत नाही. म्हणून मग साडू, शेजारी आणि गॅरेजवाला.

आता मुख्य गोष्ट. गाडीत झीज एकाच कारणाने होत नाही, तीन वेगवेगळ्या हिशोबांनी होते. एक किलोमीटरचा हिशोब, त्यात टायरची नक्षी, ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग, शॉकअॅब्सॉर्बर वगैरे. दुसरा वर्षांचा, तो गाडी उभी असली तरी चालूच असतो, रबर कडक होतं, पाइप चिरतात, प्लास्टिकचे क्लिप हातात घेतले की तुटतात, बॅटरी मरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि आपल्याकडे ते दहा दहा वर्षं तसंच असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालातला २३वा आठवडा, नक्षी नव्यासारखी दिसली तरी तो टायर म्हातारा झालेला असू शकतो. आणि तिसरा हिशोब वापराच्या पद्धतीचा, म्हणजे किती वेळा थंड इंजिन सुरू झालं, किती वेळ हाफ क्लचवर रांगत गेली, किती खड्डे खाल्ले. ओडोमीटर यातला फक्त पहिला हिशोब दाखवतं आणि आपण सगळा भाव त्यावरच करतो.

वर्षांचा हिशोब डोळ्यांनी बघायचा असेल तर सस्पेन्शनचं काम चालू असताना गॅरेजमध्ये थांबा. गाडी लिफ्टवर असते, चाक मोकळं लोंबतंय, मेकॅनिक चाक धरणारा लोअर आर्म आणि तो जिच्यावर बसतो त्या सबफ्रेमच्या मध्ये लांब टॉमी (लोखंडी दांडा) घालून दाबतो आणि जिथे लोखंड अजिबात हलायला नको तिथे ते अर्धा-एक सेंटीमीटर सरकतं. आत बोटभर जाडीचं रबरी बुश असतं, त्याला टॉर्च मारली की गोल गोल भेगा दिसतात, एका बाजूने रबर लोखंडापासून सुटलेलं. ही गाडी ४० हजार चाललेली असू शकते. मालक म्हणतो "पण फिरलीच कुठे गाडी?" रबराला त्याचं काही नाही, त्याला उन्हाळे-पावसाळे मोजता येतात.

म्हणून "रिटायर्ड काकांची गाडी, नऊ वर्षांत फक्त २२ हजार, घ्या डोळे मिटून" हे ऐकलं की मी उलट डोळे उघडतो. काकांची गाडी घर ते मंडई, मंडई ते देऊळ. एवढ्याशा अंतरात इंजिन ऑइल नीट तापतच नाही, जळण्यातून तयार झालेला ओलावा आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, बॅटरी पुरती चार्ज होत नाही, सायलेन्सर आतून गंजतो, आणि काका सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करणार, "अजून दहा हजार कुठे झाले?" म्हणून ऑइल तीन तीन वर्षं तेच. वर पार्किंगमध्ये उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असलं तर विषयच संपला, त्यासारखी छळणारी बिघाडं दुसरी नाहीत, कधी हा दिवा लागतो कधी तो. त्याच्या शेजारी पाच वर्षांत सव्वा लाख चाललेली, पुणे-नाशिक करणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी ठेवा. इंजिन गरम होऊन एका लयीत चाललंय, क्लचवर पाय फार नाही. मी ती घेईन. सगळेच घेणार नाहीत हे माहितेय, आकडा बघून पोटात गोळा येतोच.

एकच इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत गेलं की काय होतं याचं आपल्याकडे एक फार छान उदाहरण आहे, फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल. १२४८ सीसी. २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली ती याच इंजिनवर, मग डिझायर, पुढे एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये तेच क्वाड्राजेट नावाने, मांझामध्ये तेच, आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो-लिनियामध्ये तर होतंच. आपल्या रांजणगावातही बनायचं आणि मारुतीसाठी मानेसरलाही. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला तशी मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं आणि हे इंजिन गेलं.

आता मालकांना विचारा. डिझायर टूरवाला (म्हणजे टॅक्सीवाला) सांगेल की तीन लाख झाली, काही नाही. व्हिस्टावाला वैतागलेला सापडेल, पुंटोवाला प्रेमात असेल पण पार्टसाठी रडत असेल. इंजिन मुळात तेच! मग फरक कुठे? इंजिनाभोवतीच्या गाडीत, म्हणजे वायरिंग, एसी, पॉवर विंडो, सस्पेन्शन, दाराची कुलुपं. सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावाला आहे का दीडशे किलोमीटरवर यात. आणि टूरवाल्याची गाडी रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर चालते, त्याचं पोट तिच्यावर, म्हणून तो ऑइलच्या बाबतीत टाळाटाळ करत नाही. या इंजिनाला पिस्टन आणि वॉल्वचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि लोकांचा समज असा की चेन म्हणजे जन्मभराची सोय. पण ती चेन ताठ ठेवणारा टेन्शनर चालतो ऑइलच्या दाबावर. ऑइल जुनं, काळंकुट्ट, चिकट झालं की टेन्शनरही धड काम करत नाही आणि चेनही झिजून लांबते, मग सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड आवाज येतो. तो आवाज "डिझेल आहे, होणारच" म्हणून सोडला आणि चेनने दात सोडले की पिस्टन वॉल्ववर आदळतात, आणि मग बिल बघून माणूस म्हणतो कंपनी बेकार. इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचं तसंच, त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो ऑइलच्या पातळ थरावरच. म्हणजे "या इंजिनाचा अनुभव कसा" या प्रश्नाचं निम्मं उत्तर ऑइल किती वेळा बदललं यातच आहे, आणि ते कोणी सांगत नाही कारण ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटकडेही तसंच दुर्लक्ष. कमी झालं की ओत नळाचं पाणी, त्याने आत गंज आणि क्षार धरतात, रेडिएटरच्या नळ्या चोंदतात, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघितलं आणि खालच्या बाजूला दुधाच्या चहासारखं काहीतरी लागलेलं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय समजा (अगदी पातळ थर असेल तर तो नुसता थंडीतला ओलावाही असतो, पण डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीलाही तेच दिसलं तर मग नक्की). अजून एक देशी उपाय, गाडी तापते म्हणून इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट वॉल्वच काढून टाकायचा. गाडी तापायची थांबते, पण मग इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, अॅव्हरेज पडतं, आणि मूळ रोग तसाच राहतो. जुन्या गाड्यांमध्ये हे इतक्या वेळा सापडतं की विचारायलाच हवं.

वापराची जागा किती फरक पाडते त्याचं जगभर गाजलेलं प्रकरण म्हणजे फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या या गिअरबॉक्ससाठी परत बोलावल्या, आतलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल घालायला, कारण त्या ऑइलमुळे इलेक्ट्रिकल बिघाड होऊन गाडी गिअर सोडू शकत होती. आणि कंपनीचं म्हणणं होतं की हा त्रास मुख्यतः उष्ण, दमट हवेत आणि सारखं थांबत थांबत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये होतो. उष्ण, दमट, थांबत थांबत. थोडक्यात वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, संध्याकाळी सात वाजता! जर्मनीच्या मोकळ्या रस्त्यावर तोच गिअरबॉक्स वर्षानुवर्षं बिनबोभाट चालवलेल्या माणसाचं कौतुक आपल्याला किती उपयोगाचं, तुम्हीच ठरवा. ऑटोमॅटिकच कशाला, साध्या मॅन्युअलचा क्लच हायवेवाल्याकडे लाखाच्या पुढे जातो आणि घाटकोपर-अंधेरी करणाऱ्याकडे, त्यातून क्लचवर पाय ठेवून बसायची सवय असली तर, त्याच्या निम्म्यातही आटपतो.

बीएस-६ डिझेलमध्ये तर हे आणखी उघड दिसतं. त्यात धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी आपोआप जास्तीचं डिझेल मारून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालायला हवी. रोज चार किलोमीटरवर ऑफिस असलेल्या माणसाची गाडी हे काम सुरू करते आणि मध्येच बंद होते, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, आणि ते जास्तीचं डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपून ऑइलची पातळी चक्क वाढते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं म्हणून खूश होऊ नका. तीच गाडी आठवड्याला कोल्हापूर करणाऱ्याकडे असेल तर त्याला डीपीएफ हा शब्दही माहीत नसतो.

कोकणातल्यांचा विषय वेगळाच. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, खाली गोव्यापर्यंत, तिथे इंजिनाआधी पत्रा जातो. खारी हवा, चार महिने पाऊस आणि मडगार्डच्या आत साचून राहिलेला लाल चिखल. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत उभं राहतं आणि दार आतून सडतं, बाहेर रंगाला फुगा आला तोवर आतलं काम आटपलेलं असतं. पावसाळ्यानंतर खालून प्रेशरने पाणी मारून चिखल काढणं आणि ती भोकं काडीने मोकळी करणं, एवढ्यावर कितीतरी वर्षं वाढतात. पुण्यातल्या माणसाचं "दहा वर्षांत गंजाचा ठिपका नाही" हे मालवणात चालत नाही. आणि पाण्यात बुडालेली गाडी तर कुठल्याच हिशोबात धरू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी सुकवून, पुसून पुन्हा सुरू होते, चकाचकही दिसते, पण वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज हळूहळू धरत राहतो आणि बिघाड महिन्यांनी बाहेर येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला चिखलाचे डाग आहेत का बघा, कार्पेट उचलून वास घ्या.

"पूर्वीच्या गाड्या दणकट होत्या" हे एक राहिलं. पुरावा म्हणून लोक मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी दाखवतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. वीस वर्षं टॅक्सी म्हणून, म्हणजे चेष्टा नाही. पण त्या बिघडत नव्हत्या असं थोडंच आहे? कार्ब्युरेटर, पॉइंट, गरम होणं, सतत काही ना काही चालूच. फक्त बिघाड स्वस्त असायचा आणि कुर्ल्यात, ऑपेरा हाऊसला पार्ट मिळायचा, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पाना-स्क्रूड्रायव्हरवर काम व्हायचं. आजची गाडी त्या मानाने फारच कमी वेळा बिघडते, पण बिघडली की स्कॅनर लावायला लागतो आणि एखादं मॉड्यूल येतं तेच हजारोंत. कमी बिघडणं वेगळं आणि बिघडल्यावर परवडणं वेगळं. अनुभव ऐकताना समोरचा यातलं कोणतं सांगतोय ते ओळखता आलं पाहिजे.

आणि परवडण्याचा संबंध कंपनी देशात आहे का नाही याच्याशीही येतो. शेवरले २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद करून गेली, तळेगावचा कारखानाही पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. फियाट तर आधीच गेली. सर्व्हिस पूर्ण बंद होत नाही, फिल्टर-ब्रेक पॅडसारख्या चालू वस्तू बाहेरच्या ब्रँडच्या मिळतात, मल्टिजेटचे बरेच पार्ट स्विफ्टच्या कृपेने बाजारात आहेत. अडतं ते हेडलाइट, बंपर, काच, एखादा सेन्सर इथे. म्हणजे इंजिन ठणठणीत आणि गाडी महिनाभर उभी, कारण रिक्षाने मागून ठोकलं आणि टेललॅम्प मिळत नाही.

मग एखाद्या मालकाशी बोलताना विचारायचं काय? "कशी आहे गाडी" हे तर अजिबात नको, त्याचं उत्तर "एक नंबर" असंच येतं, विशेषतः घेऊन वर्षच झालं असेल आणि हप्ते चालू असतील तर. रोज किती अंतर जातो, एकटा चालवतो का घरातले तिघं, ऑइल शेवटचं कधी बदललं, पाचव्या वर्षानंतर सगळ्यात मोठं बिल कशाचं आलं आणि पार्ट यायला किती दिवस लागले, हे विचारा. ज्यांनी तेच मॉडेल विकून टाकलं त्यांनाही गाठा, कारण वैतागलेले लोक गाडी विकून मोकळे होतात, आणि दहाव्या वर्षी तुम्हाला भेटतात ते फक्त ज्यांच्या गाड्या चांगल्या निघाल्या ते. गॅरेजवाल्याचं उलट, त्याला फक्त आजारीच गाड्या दिसतात, त्यामुळे तो सगळ्याच मॉडेलला नावं ठेवणार. पण "या मॉडेलमध्ये सारखं काय येतं" असं विचारलं की तो बरोबर बोट ठेवतो, कूलिंग कॉइल लीक होते, स्टिअरिंगमधून आवाज येतो वगैरे. एकच दुखणं तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं तर ते गाडीचं समजायचं.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळची असेल तर पुढचाही खर्च धरा. फिटनेस करून पुन्हा रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं मिळतं, त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, वर आपल्याकडे पर्यावरण कर. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा विचार करून बनवलेली नसतात, ती बदलून घ्यायचा खर्च वेगळा.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं, चेनचा खडखडाट, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, जाड पांढरा धूर आणि तो थांबतच नसेल तर कूलंट, बॅटरीचा दम, सगळं पहिल्या मिनिटात कळतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता या.